जिन्यातली रांगोळी

२००७ सालचा मे संपत आला होता. मिरजेत तेव्हा भारनियमन जोरात होतं. सकाळी अकराला वीज जायची ती दोनला यायची. त्या मंगळवारी अकराला दहा मिनिटं असताना समोरच्या मालननं माझं दार वाजवलं. बेल होती, पण बेलला तिनं कधी हात लावला नाही. बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक, आणि मग दाराला तोंड लावून, "ताई, मी हाय."

दार उघडलं तर तिच्या हाताला रांगोळीची पूड तशीच लागलेली.

"बसतेस का?"

"बसत न्हाई. एक काम हाय तुमच्याकडं." ती चप्पल काढून आत आली आणि बसलीही. "पलीकडच्या गल्लीतली चिमणबाग बालवाडी हाय का न्हाई, तिथं चित्रं शिकवायला बाई पायजे. मी इचारून आलो."

मालन इचलकरंजीची. तिकडच्या बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात. नवऱ्याचा माग बंद पडल्यावर तो इकडे वॉचमन म्हणून लागला आणि ही दोघं आमच्या इमारतीत माझ्यासमोरच्या खोल्यांत राहायला आली.

"मोठ्या बाई म्हनल्या, शुक्रवारी या आणि हाताचं काम घेऊन या. आता सांगा, रांगोळी काय पिशवीत घालून न्यायची?" ती स्वतःच हसली. "मग म्हटलं, ताईंनी वरीसभर फोटो काढल्यात की. तेवढी धा चित्रं कागदावर काढून द्या मला. लई न्हाई, धाच."



"सातवीत शाळा सुटली ओ माझी. आणि आता पोरं मला बाई म्हनतील. मालनबाई!" तिनं पदर तोंडावर घेतला. पंचेचाळिशीची बाई, पण लाजली ती सातवीतल्या मुलीसारखी.

"बघते," मी म्हणाले. तेवढ्यात वीज गेली आणि कॉम्प्युटरखालचा यूपीएस ठणाणा बोंबलायला लागला. मी उठून तो बंद करायला गेले. तिच्याकडे पाठ करायला मला कारण मिळालं.

मला ते कारण का हवं होतं, ते सांगायला वर्षभर मागे जायला हवं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. यंत्रांची आवड पहिल्यापासून. एक्स्चेंजमध्ये बाकीच्या मुली स्विचबोर्डाची दोरी बिघडली की मेकॅनिकला हाका मारायच्या, मी स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये ठेवायची. निवृत्तीनंतर सांगलीहून सुटे भाग आणून जेवणाच्या टेबलावर मी स्वतः कॉम्प्युटर जोडला. पहिल्या झटक्यात चालू झाला, तेव्हा दाखवायला घरात कुणी नव्हतं म्हणून दुधवाल्याला बोलावून दाखवला होता. मग चार मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, ब्रॉडबँड आलं, आणि त्या ब्रॉडबँडवरून मला एक नवंच वेड लागलं.

परदेशातले लोक इंटरनेटवर रोज एक चित्रकथा टाकायचे. तीन-चार चौकटी, काड्यांची माणसं, तोंडी दोन-दोन वाक्यं. सकाळचा चहा आणि त्या चौकटी, असा माझा नेम झाला. आपणही मराठीत असं काही करावं म्हणून मी माऊस धरून चित्रं काढायला बसले. मांजर काढलं की ते पोळपाटासारखं दिसायचं, आणि पोळपाट काढला तर त्याला शेपूट फुटायचं. शब्द मला सुचायचे, खटकेबाज सुचायचे, पण बोलायला तोंडं नव्हती.

ती तोंडं २००६च्या चैत्रात माझ्या दारासमोर आली. मालननं जिन्याच्या चौकात चैत्रांगण काढलं होतं. चैत्रभर अंगणात काढायची ती लहान लहान चिन्हं: झोपाळ्यावरची गौर, कासव, नाग, सूर्य, चंद्र. तिच्या आईनं कुणाच्या तरी दारात बघून ते उचललं होतं. पण मालनची गौर ज्या झोपाळ्यावर बसली होती त्याच्या दोऱ्या विजेच्या तारांच्या होत्या, आणि झोपाळा मधेच हवेत अडकला होता. वीज गेली होती ना!

मी उंबऱ्यातच हसत सुटले.

चैत्र संपला तरी मालन थांबली नाही. तीच चिन्हं, पण रोज त्यांचं काहीतरी नवं चाललेलं. कासवाला चष्मा आला आणि पाठीवर किल्ल्यांचा जुडगा आला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, गच्चीला कुलूप लावणारे, हुबेहूब तेच. चंद्र नर्सची टोपी घालून रात्रपाळीवरून जांभया देत घरी निघालेला. नाग टँकरच्या रांगेत उभा, आणि रांगेत त्याच्या पुढे-मागे कुणीच नाही. सकाळी सहाला रांगोळी पडायची, दहाला झाडूवाली येऊन ती झाडून न्यायची. दरम्यान मी कॅमेरा घेऊन स्टुलावर उभी राहायची.

"कशाला ओ ताई फोटो?" मालननं एकदा विचारलं होतं.

"जपून ठेवते. नाहीतर झाडूखाली जाणार."

"ऱ्हाऊ द्या मग. तेवढंच."

त्या फोटोंवर मी संवाद घालायला लागले आणि ब्लॉगवर टाकायला लागले. ब्लॉगचं नाव 'उंबरा'. अडकलेल्या गौरीच्या तोंडी मी लिहिलं होतं, "तुम्ही जेवून घ्या. लाइट आली की उतरते." दोन दिवसांत न्यू जर्सीहून एका बाईंचा अभिप्राय आला: 'काय सुंदर हात आहे हो तुमचा! कुठे शिकलात?'

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग टाइप केलं, 'धन्यवाद.'

त्या एका शब्दानंतर काही करावंच लागलं नाही. लोक लिहीत गेले, मी धन्यवाद देत गेले. मालनला मी कॉम्प्युटरवर फोटो दाखवायची, ब्लॉग कधीच नाही. ती म्हणायची, "किती मोठं दिसतंय ओ काचंवर!" मी स्वतःला समजावून ठेवलं होतं की शब्द माझे आहेत, फोटो माझे आहेत, आणि रांगोळी काय, घरोघरी काढतातच.

आणि मग २००७च्या फेब्रुवारीत चोरी झाली. कुणा एका महाभागानं माझ्या चार चित्रकथा उचलून स्वतःच्या नावानं आपल्या ब्लॉगवर टाकल्या. माझा संताप संताप झाला. मी लांबलचक लेख लिहिला. 'दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव लावताना यांचा हात कापत कसा नाही?' असं त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. सत्तर जणांनी पाठिंबा दिला. कुणीतरी सुचवलं, चित्रांवर आडवं नाव घाला, कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो. मी एक प्रोग्रॅम शोधून काढला, जो एका दमात सगळ्या फोटोंवर नाव छापायचा. अकराला पाच कमी होते, वीज जाणार म्हणून घाई होती. प्रोग्रॅमनं विचारलं, जुन्या फाइलींच्या जागीच नव्या ठेवू का? मी 'होय, सगळ्यांना' दाबलं.

तीनशे सहा फोटो. संवाद नसलेले मूळ फोटोसुद्धा त्याच फोल्डरमध्ये होते. प्रत्येकाच्या मधोमध, कासवाच्या पाठीवरून, गौरीच्या पोटावरून, तिरपं, पांढरं, ठळक: हेमलता गुळवणी. एकही फोटो त्यातून सुटला नाही. कॅमेऱ्याचं कार्ड तर मी रोजच रिकामं करत असे. चूक कळली तेव्हा मी एवढंच म्हणाले, जाऊ दे, नाव माझंच आहे. त्यानंतरचा प्रत्येक फोटोही मी कॅमेऱ्यातून उतरवला की लगेच त्याच प्रोग्रॅममधून काढत गेले.

आणि आता मालन दहा फोटो मागत होती.

त्या दिवशी दुपारी वीज आल्यावर मी एका फोटोवरचं नाव पुसायचा प्रयत्न केला. फोटोतलीच शेजारची फरशी उचलून नावावर चिकटवायची, अशी युक्ती असते. फरशी जमली, पण नावाखालची गौर जमेना. तिचं तोंड पुन्हा काढायला हवं होतं, आणि तोंड काढायला मला कुठे येत होतं?

संध्याकाळी टकटक झाली. "झालं का ओ ताई?"

मी तोपर्यंत ठरवलं होतं. "मालन, घोटाळा झाला गं. दुपारी वीज आली ना, तेव्हा झटका बसला. डिस्क उडाली. सगळे फोटो गेले."

 मला वाटलं, रडते की काय. तर तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"अवो ताई, आणि तुमचंबी सगळं गेलं की मग! तुमची कागदं-बिगदं?"

"हो. सगळंच."

"जाऊ द्या. जिवाला लावून घिऊ नका. रांगोळीच ती, झाडूनंच जायाची. मी डबा घेऊन जातो की, तितंच काढून दावतो." ती वळली, आणि दोन पावलं जाऊन परत आली. "पर ताई, माझा भाचा हाय न्हवं, सुनील, कंप्युटर दुरुस्त करतोय. त्यो म्हनत असतोय, डिस्क उडाली तरी आतलं सगळं जात न्हाई, खरडून काढता येतंय. उद्या सांच्याला त्याला बलवतो. देतासा का तेवढी?"

"कशाला त्याला त्रास?"

"तरास कसला! तुमी माझं वरीसभर जपलंसा. तुमचं निघालं तर निघालं."

आता खरं सांगायचं तर ह्याच जागी सांगायचं होतं. दार उघडं होतं, ती उंबऱ्यात होती, आणि एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "बरं, देते."

बुधवारी दोनला वीज आल्याबरोबर मी कामाला लागले. डिस्क नुसती पुसली तर सुनीलला फाइली परत मिळाल्या असत्या. तेवढं मला चांगलं ठाऊक होतं. वर्षभराचे फोटो, आणि प्रत्येकावर माझं नाव. म्हणून मी सीडीवरून एक लहानसा प्रोग्रॅम चालवला, जो डिस्कच्या पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत नुसती शून्यं भरतो. दोन तास लागले. पडद्यावर टक्के वाढत होते आणि मी खुर्चीत बसून ते बघत होते. तीस टक्क्यांना गौर गेली असेल, साठाला कासव. थांबवता येत होतं, बटण हाताशी होतं. मी उठून चहा केला.

संध्याकाळी ती डिस्क जुन्या रुमालात गुंडाळून मालनच्या हातात दिली.

शुक्रवारी सकाळी मालन जांभळं इरकल नेसून निघाली. हातात रांगोळीचा डबा. मी गॅलरीतून पाहत होते. खालून तिनं मान वर करून विचारलं, "बाईवानी दिसतो का न्हाई?"

"दिसतेस!"

ती दुपारी एकला परतली. तिनं टकटक केली नाही. दार उघडंच होतं, ती आत आली आणि जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली. मी "बस" म्हणाले, ती बसली नाही. पिशवीतून रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"सुनीलनं सकाळीच आणून दिली. त्यो म्हनला, मामी, ही डिस्क ठणठणीत हाय. उडाली-बिडाली न्हाई. कुनीतरी बसून कोरी केल्याली हाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी त्याला म्हटलं, गप. ताईस्नी तुझ्यापरास जास्त कळतंय."

मग तिनं ब्लाउजमधून चौघडी केलेला एक कागद काढला आणि डिस्कशेजारी उलगडून ठेवला. कुणीतरी ईमेलनं पाठवलेलं, छापून घेतलेलं. वर लिहिलं होतं, 'मिरजेच्या आजींची कमाल!' खाली तीन चित्रं. गौर, कासव, चंद्र. आणि त्यांच्यावरून आडवी मी.

"मी तितं अंगणात कासव काढलं. चष्म्याचं. पोरं कडंनं जमली, हसायला लागली. मोठ्या बाई आल्या, बघितलं, आणि म्हनल्या, हे तर गुळवणीबाईंचं कासव. आत जाऊन कपाटातनं ह्यो कागद आणला. म्हनल्या, बाई, दुसऱ्याचं बघून काढू ने. पोरास्नी आपन काय शिकवायचं मग?"

"मालन..."

"थांबा. मी काय म्हटलो ठावं हाय का? मी म्हटलो, व्हय. समोरच ऱ्हातात त्या. त्यांचंच बघून काढतो मी."

मी मान वर केली. "असं का म्हणालीस?"

"मग काय म्हनू? माझी हाईत म्हनू? कागदावर नाव कुनाचं हाय? तुमी शिकल्याल्या, हापिसात मोठ्या व्हता. मी वॉचमनची बायको. चोर कोन ठरलं असतं, सांगा की." तिनं टेबलावर पडलेली चिमूटभर पूड बोटानं गोळा केली, उगाचच. "बघून काढतो म्हटल्यावर निदान चोर तरी न्हाई म्हनल्या."

बाहेर जिन्यात कुणीतरी चढत होतं. ते वर जाईपर्यंत ती थांबली.

"आनि निरोप हाय तुमास्नी. सोमवारी बलवलंय. म्हनल्या, गुळवणीबाई इतं शेजारीच ऱ्हातात व्हय! त्यांनाच सांगा शिकवायला यायला. पोरं खुश होतील."

ती दारापर्यंत गेली. तिथून म्हणाली, "मला इचारलं असतं तर मीच म्हटलो असतो, घाला तुमचं नाव. मला काय करायचं व्हतं नावाचं? ते तर झाडूत जायाचं." आणि जरा वेळानं, "धा फोटोच मागिटलं व्हतं, ताई."

शनिवारी सकाळी सहाला दार उघडलं, आणि रांगोळी होती. मला वाटलं नव्हतं ती काढेल.

झोपाळा होता, तारांचा, हवेत अडकलेला. त्यावर गौर नव्हती. झोपाळा रिकामा होता. आणि सगळ्या चित्रावरून, तिरपं, ठळक, त्या छापील कागदावर होतं तसंच अक्षर अन् अक्षर जुळवून तिनं पांढऱ्या पुडीनं लिहिलं होतं: हेमलता गुळवणी.

मी सवयीनं कॅमेरा आणला. सवयीनं स्टुलावर चढले. फोटो काढून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं आहे, आणि मी स्टुलावरच बसून राहिले. दहाला झाडूवाली आली. "बाई, आज तुम्ही काढली व्हय?" म्हणाली, आणि झाडून घेऊन गेली.

त्याच दुपारी सायबर कॅफेत जाऊन मी ब्लॉग उडवून टाकला. तेव्हा मला ते प्रायश्चित्त वाटलं होतं. आता कळतं की तिच्या चित्रांचा उरलासुरला पत्ताही मी त्या दिवशी पुसला. चिमणबागेत मी सोमवारी गेले नाही. पुढच्या आठवड्यात गेले, खरं सांगायचंच असं ठरवून. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आला नाहीत, मग आम्ही दुसऱ्या कुणाला घेतलं." त्यांनी चहा मागवला. मी चहा पिऊन आले.

त्यानंतर मालन जिन्यात भेटली की "बरं हाय का" म्हणायची. मीही "बरं आहे" म्हणायची. समोरच्या दारात मात्र तिनं पुन्हा रांगोळी काढली नाही. दिवाळीच्या आधी नवरा-बायको इचलकरंजीला मुलाकडे गेली. तिथे तिनं कुणाला चित्रं शिकवली का, मला माहीत नाही. तिचा नवरा दोन वर्षांत वारला. सुनीलचं आता सांगलीत मोठं दुकान आहे. मी कधी त्या रस्त्यानं जात नाही. बालवाडीच्या जागी मंगल कार्यालय झालं. समोरच्या खोल्यांत राहणाऱ्यांनी उंबऱ्याशी प्लॅस्टिकची छापील रांगोळी चिकटवली आहे, ती झाडूनं जात नाही. मी सत्याहत्तर वर्षांची आहे आणि अजूनही कॉम्प्युटर स्वतःच दुरुस्त करते.

गेल्या महिन्यात फोनवर एक मेसेज आला. 'मी तन्वी, मालन आजींची नात. आजी दिवाळीत गेली. ती सांगायची, मिरजेच्या ताईंनी माझी सगळी चित्रं जपून ठेवलीत. आम्हाला एखादं मिळेल का?'

मालननं घरात कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

माझ्याकडे एकच फोटो आहे. शनिवारचा. कॅमेऱ्याच्या कार्डावर राहिला म्हणून वाचला. दोन दिवस विचार करून मी तो पाठवला.

तन्वीचं उत्तर लगेच आलं. 'किती सुंदर! पण यावर तर तुमचं नाव आहे. ही तुम्ही काढलीय का, आजी?'

मी लिहिलं, 'नाही.'

'मग नाव तुमचं कसं?'

हे वरचं सगळं मी तिला उत्तर म्हणून लिहिलं आहे. तीनदा वाचून झालं. अजून पाठवलेलं नाही.